चार नंबरची साखर

३ नोव्हेंबर
चार नंबरच्या कालवडीची उपाशीपोटी साखर आजही जास्त. तीन महिन्यांची झाली, चारा खाते, आता साखर खाली यायला हवी. बाकी पाच जणींची आली. माझा अख्खा थीसिस यावरच आहे: वासरू वाढतं तसं त्याच्या अंगात ग्लुकोज शोषलं जाणं कसं बदलतं. मशीन दोनदा तपासलं, ठीक आहे. म्हणजे गडबड माणसांचीच.

५ नोव्हें.
गोठ्यावरच्या रामकिशन भैयांना सरळ विचारलं, सकाळी हिला कोण खायला घालतं? "मैडम, आपने मना किया है, हम काहे खिलाएँगे?" नजर खाली. पटलं नाही.

८ नोव्हें.
बाबांनी रोजच्यासारखं स्कूटरवर सोडलं. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून हीच त्यांची ड्यूटी. मी वर लॅबमधून सुया, नळ्या घेऊन येईपर्यंत ते वासरं बघत थांबतात. म्हटलं, रामकिशनवर लक्ष ठेवा.
"ठेवून राहिलो ना. काहून त्याच्या मागे लागली? भला माणूस आहे."
बाबांना सगळेच भले वाटतात.

११ नोव्हें.
चार नंबरच्या गव्हाणीत गुळाचा खडा, मुंग्या लागलेला. माझ्या गाईड सरांना रामकिशनची लेखी तक्रार दिली. म्हणाले, कंत्राट याच महिन्यात संपतंय त्याचं, बघतो. बरं वाटलं. थोडं वाईटही, पण बरं जास्त.

१४ नोव्हें.
त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून ऑटोनं लवकर गेले. बाबांना म्हटलं होतं, आज आराम करा. गोठ्यामागे उभी राहिले. थोड्या वेळानं स्कूटरचा आवाज. चार नंबर ताडकन उठली, बाकीच्या बसूनच.
बाबा. खिशातून कागदाची पुडी. आई रोज गायीसाठी पहिली पोळी काढते ती, गूळ लावलेली. आमच्या विजय नगरात आता गाय दारावर येत नाही, पोळीचं काय होतं हे मी कधी विचारलंच नाही.
रामकिशन हात जोडून, "बाबूजी, मैडम नाराज होंगी."
"अरे, एक रोटी से क्या होता है."
मी बाहेर आले नाही. लाज वाटली, स्वतःचीच.

१५ नोव्हें.
सरांचा फोन. सोमवारपासून रामकिशनच्या जागी नवा माणूस. मी "बरं सर" म्हणाले.
सांगितलं तर चार नंबर थीसिसमधून जाणार, आणि बाबांचं नाव सरांसमोर. नाही सांगितलं तर रामकिशन...
चहा पिताना बाबा म्हणाले, "सोमवारी किती वाजता निघायचं?"
साडेसात, म्हटलं.