दोन पाड्यांची रॅम

१२ जुलै १९९९, सोम.
कॉम्प्युटर आज पुन्हा अडकला. बोटींना डिझेल मिळायच्या चिठ्ठ्यांचा नवा प्रोग्रॅम उघडला की पडदा गोठतो, माउस हलत नाही. तारापूरच्या कुठल्याशा कारखान्याने काढून टाकलेला डबा, आमच्या मच्छीमार सोसायटीने हौसेने घेतलेला. बोईसरचा मेकॅनिक पांडे बघून म्हणाला, "मॅडम, मेमरी कम है. दो नया डालो, चलेगा." चेअरमनकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "नारळी पुनवेच्या आदी मशीन चालली तर तू नोकरीत कायम. नाय तर आपली वहीच बरी." वही लिहायला त्यांचा भाचा टपलेलाच आहे.

१९ जुलै, सोम.
मीटिंग. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या मंजूर. एक वरल्या पाड्याच्या वसंतमामाच्या दुकानातून, एक खालल्या पाड्याच्या प्रकाशभावोजींकडून. दोरखंड असो की मीटिंगचा चहा, निम्मं ह्यांचं, निम्मं त्यांचं. मग रॅम तरी कशी सुटणार? मी वरल्याची लेक, खालल्याची सून.

२४ जुलै, शनि.
दोन्ही बसवल्या. पडदा काळा, आणि पिप पिप पिप. जागा बदलून बघितल्या, तेच. एकेकटी लावली तर मशीन तिला मोजतच नाही. दोन्ही काढल्या की आतल्या जुन्या मेमरीवर सुरू होतं, प्रोग्रॅम उघडला की परत गोठतं. डोकं फिरलं नुसतं.
मामा म्हणतो, "माजी पट्टी चांगली हाय, त्या प्रकाशची बघ." भावोजी म्हणतात, "आमची कोरी करकरीत. वसंताचा माल तुला म्हाईत नाय का?"

२९ जुलै, गुरु.
पांडे आला. पट्ट्या हातात घेऊन हसायलाच लागला. दोन्हींवर आकडा सारखा, पण एक जुन्या जातीची, एक नव्या. "मॅडम, इस मशीन में जोडी लगती है. दोनों एक जैसी चाहिए." आधी का नाही सांगितलं? "हमको क्या मालूम, आप लोग एक-एक अलग दुकान से लाओगे."
जगात कुणाला सुचत नाही ते आम्हाला सुचतं.

५ ऑगस्ट, गुरु.
मामाकडे सारखी जोडी आहे. भावोजींकडेही आहे. दोघेही आनंदाने देतील, फक्त दुसऱ्याची पट्टी परत जायला हवी. चेअरमनकाका म्हणाले, "एकाची ठेवली तर दुसरा पाडा पुनवेला दर्याच्या पूजेला माज्यासंगं यायचा नाय. तुजं तू बघ. माज्यापर्यंत आणू नको." म्हणजे भानगड माझी आणि नोकरी त्यांच्या हातात. इतका संताप आला की घरी भात करपवला. सासूबाईंनी स्वतः पातेलं खरवडलं, तेही लागलं.

१६ ऑगस्ट, सोम.
दोन्ही पाड्यांची नकोच म्हणून मी सांगितलं आणि पांडेने मुंबईहून जोडी आणून दिली, चालली तर ठेवा या बोलीवर. बसवली. एकच पिप आणि सुरू! प्रोग्रॅम उघडला. चिठ्ठी छापली, परत छापली. ऑफिसात एकटीच होते. रडू आलं.

२२ ऑगस्ट, रवि.
मीटिंग. चिठ्ठी छापून दाखवली. कुणी हातातसुद्धा घेतली नाही. "भायरच्या माणसाकडनं आणायला कुणी सांगितली?" आधी कोणता पाडा म्हणाला, आठवत नाही, दोन्ही तेच म्हणत होते. हयातीत कधी एकमत न झालेली माणसं. चेअरमनकाका पंख्याकडे बघत म्हणाले, "मला काय म्हाईत नाय."
म्हटलं, ही जोडी काढली तर चिठ्ठ्या निघणार नाहीत. "नको निगू दे. वही हाय."
ठरलं ते असं: माझ्या नोकरीचं पुनवेनंतर बघू. तोवर जोडी काढून कपाटात ठेवायची.
संध्याकाळी सासूबाई, "आमच्या प्रकाशची घातली असती तर काय बिगडलं असतं?" बाबा सुके बोंबील द्यायला आले होते. जाता जाता तेही, "आपल्या वसंताची का नाय घातलीस?" आईची आठवण आली. ती असती तर निदान आधी जेवलीस का विचारलं असतं.

२४ ऑगस्ट, मंगळ.
परवा पुनव, उद्या सकाळी डिझेलच्या चिठ्ठ्या वाटायच्या. जोडी काढली तर मशीन निकामी, मग मीही निकामी. ठेवली तर ऐकलं नाही म्हणून घालवतील. काकांच्या भाच्याने आज कोरी वही आणून माझ्या टेबलावर ठेवली. हसला वर.
स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता. परत ठेवला. नाही काढणार. उद्या छापलेल्या चिठ्ठ्याच हातात देणार, डिझेल नको असेल त्याने परत करावी.
बाबा लवकर येतील, सासरेही. दोघांच्याही बोटी यंदा हंगामाच्या पहिल्याच दिवशी जायच्या आहेत. पहिली चिठ्ठी कुणाची छापायची, तेवढं ठरत नाहीये.