उत्स्फूर्त म्हणजे काय रे, मामा?

३ जून

ती. मामास, सा. न.

मामा, रेडिओवरच्या निवेदिकेच्या नोकरीसाठी मी शेवटच्या फेरीत पोचले! पण ही फेरी थेट प्रसारित होणार. विषय तिथेच देणार आणि लगेच बोलायचं. ‘उत्स्फूर्त निवेदन’ म्हणे! मी पाठ केल्याशिवाय साधं ‘नमस्कार’ म्हणत नाही. गेल्या खेपेला बोबडीच वळली होती. तू जन्मभर शब्दकोशाचं काम केलंस, तर सांग, हा शब्द आला कुठून? शत्रूचं कूळ तरी कळू दे. आईला सांगू नकोस, काळजी करत बसेल.

लोभ आहेच, माझा घाबरटपणाही पोटात घाल.
तुझी चिमणी

७ जून

चि. चिमणीस, अ. उ. आ.

शाब्बास! आईला सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला ठाऊक होतं.

‘उत्’ म्हणजे वर. ‘स्फुर्’ म्हणजे थरथरणं, फडफडणं. बाहू स्फुरतात, त्यातलंच हे. आतून थरथरत वर येतं ते उत्स्फूर्त. आत काही नसेल तर वर काय येणार, कपाळ? तेव्हा हात कापले तर कापू देत. घसा मात्र जप.

आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली.
मामा

१५ जून

ती. मामास, सा. न.

नोकरी मिळाली! चिठ्ठी उघडली, विषय ‘शिट्टी’. डोकं पार कोरं, हात लटलटताहेत. आणि एकदम बाबा आठवले. कामावरून येताना जिन्यातूनच शिट्टी घालायचे ना? ते गेल्यापासून घरात कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी मात्र बोलतच सुटले. माइकसमोर ती शिट्टीसुद्धा वाजवली! काचेपलीकडचे साहेब ताडकन उठले. मला वाटलं, संपलं. तर ते टाळ्या वाजवत होते!

पण आईने ऐकलं का? तिला विचारायचा धीर होत नाही. ती दुखावली असेल तर नोकरी गेली चुलीत. लगेच कळव.

जीव टांगणीला लागलेली,
चिमणी

१८ जून

चि. चिमणीस, अ. उ. आ.

ऐकलं. ताई इस्त्री करत होती. तू बाबांचं नाव काढलंस आणि तिचा हात थांबला. (माझा सदरा जळला, ते तुझ्या पहिल्या पगारातून.) मी रेडिओ बंद करायला उठलो, तर म्हणाली, राहू दे. मग तुझी शिट्टी आली. ताई तडक दाराशी गेली आणि तिने कडी काढली. दार उघडून उभीच राहिली. मग वळून डोळे पुसत म्हणाली, की पोरीची शिट्टी शेवटी घसरते, त्यांची कधी नाही घसरली. आणि तिने स्वतः वाजवून दाखवली! तिला शिट्टी येते, हे मला त्या दिवशी कळलं. जेवण गार झालं, तरी भाऊजींच्या गोष्टी संपेनात.

ताईने निरोप दिलाय: घरी येशील तेव्हा बेल वाजवू नकोस.

तुझा,
मामा