रविवारचं विरजण

माय,

मुलीसाठी घेतलेल्या पलंगावरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही. आयर्लंडमधल्या या लहानशा गावात दोन खोल्यांचं घर मिळायला फार वणवण करावी लागली. मिळालं तेव्हा उजेडाची खोली तिची म्हणून ठरवली, खिडकीला पिवळे पडदे लावले आणि उन्हाळ्यात तिला आणायला आदिलाबादला गेले. परत आले ती एकटी. आज सुट्टी आहे, दुपार आहे, आणि मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून तुला लिहिते आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझी नात तुला भिंतीवरच्या फोटोपुरतीच ओळखते. तरी हे दुसऱ्या कोणाला सांगावं ते मला सुचत नाही. लेकरू मागं ठेवून नोकरीला गेलेली माझ्या ओळखीची पहिली बाई तूच.

तुझी बदली मंचेरियलकडच्या शाळेत झाली तेव्हा मी पाचेक वर्षांची असेन. तलमडुगुच्या आपल्या वस्तीतली तू पहिली शिकलेली सून. आजीनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला होता. तिच्या सुनेच्या हातात खडू आला, याचं तिला इतकं अप्रूप की बाजारातल्या तेलुगू भाजीवालीलासुद्धा ती ते सांगून यायची. त्यामुळं नोकरी सोडायचा विषयच घरात निघाला नाही. बाबा आदिलाबादच्या कचेरीत कारकून, दादा त्याच्या गोट्यांत आणि पाढ्यांत, आणि मी आजीच्या पदराला. शनिवारी रात्री तू यायचीस. रविवारी सकाळी माझं डोकं धुवायचीस, उन्हात बसवून उवा बघायचीस, आठवडाभरात कोणते पाढे विसरले ते काढून कान पिळायचीस. तू आईपेक्षा मास्तरीणच जास्त होतीस, असं मी तेव्हा म्हणायचे. आणि दुपार कलली की तू निघायचीस.

आपल्याकडं लहान लेकराला सांगून कोणी गावाला जात नाही. लेकरू रडतं, निघताना डोळ्याला पाणी बरं नाही, म्हणून त्याची नजर चुकवून निघायचं. सगळ्याच बाया तसं करतात, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. कोणी लेकराला शेळीची पिल्लं दाखवायला धाडतं, कोणी दुकानात. तुझं ठरलेलं होतं. चुलीवर दूध कोमट करून ठेवायचीस आणि माझ्या हातात स्टीलची वाटी द्यायचीस. "जाय, आत्याच्या घरून विरजण घेऊन ये. सांडू नको." आत्याचं घर वस्तीच्या पार टोकाला, विहाराच्या पलीकडं. मी वाटीवर हात धरून परत यायचे तेव्हा खुंटीवरची तुझी पिशवी गेलेली असायची. मग मी न्हाणीत बघायचे, ज्वारीच्या कोठीमागं बघायचे, बाजेखाली वाकून बघायचे. आजी माझ्या हातातली वाटी घेऊन दुधाला विरजण लावायची आणि शांतपणे सांगायची, "तुही माय शाळेत गेली. शनवारी येते न." त्या दह्याला मी सोमवारी तोंड लावायचे नाही. पुढच्या शनिवारी तुझ्याशी बोलायचेही नाही, पण ते काही फार वेळ टिकायचं नाही.

एका रविवारची गोष्ट तुलाही आठवत असेल. आत्याचं दार बंद होतं. मी रिकाम्या वाटीनिशी परत फिरले, तर तू रस्त्याला लागलेली दिसलीस. मी धावत बसपाशी आले आणि तुझ्या लुगड्याला लोंबकळले. सगळ्या गावादेखत तू मला थोबाडीत मारलीस. पाढे चुकल्यावर कान धरणारी तू, गालावर हात मात्र तो पहिला आणि शेवटचा. "घरी जाय म्हणलं न तुले," इतकंच बोललीस आणि बसमध्ये चढलीस. खिडकीशी बसलीस, पण तोंड दुसरीकडं फिरवून. बस वळली तेव्हा मला तुझ्या तोंडावर घट्ट दाबलेला पदर दिसला आणि हलणारी पाठ दिसली. मी गाल धरून उभी होते. आजी मला न्यायला आली तेव्हा तिनं मला नाही, तुलाच शिव्या दिल्या.

मी हैदराबादला नर्सिंग शिकत असताना तू गेलीस, तीही न सांगता. शाळेच्या व्हरांड्यात बसलीस ती उठली नाहीस, असं दादानं सांगितलं. मी पोहोचले तेव्हा घरात तू नव्हतीस, माणसं होती. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, की मला लेकरू झालं तर मी त्याला काहीही सांगेन, कितीही रडवेन, पण डोळा चुकवून जाणार नाही.

लेकरू झालं. ते चालायला लागायच्या आत त्याचे वडील गेले. आणि मुलगी चार वर्षांची असताना मला इथल्या वृद्धाश्रमातली नोकरी मिळाली. दादा-वहिनी तोवर आदिलाबादला राहायला आले होते. वहिनीला मूल नव्हतं. तिनं मुलीला असं जवळ ओढलं, की मला बरंही वाटलं आणि तिचा हेवाही वाटला. मी ठरवल्याप्रमाणं केलं. पृथ्वीचा गोल आणला, बोट ठेवून दाखवलं, इथं मी असेन, इथं तू असशील, मध्ये एवढं पाणी आहे. तिला स्टेशनवर घेऊन गेले. गाडी हलली तेव्हा दादाला तिची बोटं माझ्या ओढणीतून एकेक करून सोडवावी लागली. तिचा तो आवाज मी विमानात ऐकला, इथं उतरल्यावर ऐकला, पहिला हिवाळा संपेपर्यंत ऐकत राहिले. पुढच्या खेपेला ती कमी रडली. त्याच्या पुढच्या खेपेला तिनं हात हलवला आणि गाडी आज उशिरा आली का, असं दादाला विचारलं. मला वाटायचं, खरं सांगितल्याचं हे फळ.

इथं सगळं वाईटच आहे असं तू समजू नकोस. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा डोंगर जवळूनही काही बाबतीत साजराच निघाला. माझं आडनाव ऐकून इथं कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ते पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी कामावरून घरी येईपर्यंत उगाच हसत होते. मी गाडी चालवायला शिकले. आश्रमातली एक म्हातारी माझ्याखेरीज कोणाच्या हातून जेवत नाही. ती मला तिचीच मुलगी समजते, आणि तिची खरी मुलगी वर्षातून एकदा येते. मी तिचे केस विंचरते तेव्हा तुझी आठवण येते, आणि लगेच मनात येतं, की आत्ता माझ्या मुलीचे केस वहिनी विंचरत असेल. ज्वारीची भाकर इथं जमत नाही, थापताना कडेनं फाटते. सुट्टीच्या दिवशी भांडी घासताना मी स्वतःशीच मोठ्यानं आपली बोली बोलते, जीभ विसरू नये म्हणून. फोनवर मुलगी समोर असते, पण तिचं लक्ष खिडकीबाहेरच्या मैत्रिणींकडं. बोल न, काऊन गप आहेस, असं मी विचारलं की म्हणते, काय बोलू, रोजच तर बोलून राह्यलो. मग तिला थांबवायला मी गोष्टी सांगते. तुझ्या सांगते. विरजणाची गोष्ट तिला फार आवडायची. दर वेळी विचारायची, मग तू वाटी घेऊन कुठं कुठं शोधलंस, आणि मी न्हाणी, कोठी, बाज सगळं सांगायचे. ती हसायची.

या उन्हाळ्यात तिची सगळी कागदपत्रं तयार होती. ती आता दहा वर्षांची आहे. उंच झाली आहे, मैत्रिणींशी तेलुगू बोलते, आंबेवाल्याशी हिंदीत घासाघीस करते आणि वहिनीशी अगदी माझ्या आजीच्या बोलीत बोलते. मी तिला शाळेचे फोटो दाखवले, खोली दाखवली, पडदे दाखवले. पाहुण्यांचं ऐकावं तसं तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथं मामी येते का?" मी नाही म्हटलं. "मंग शाळेतून आल्यावर घरी कोण राह्यते?" मी म्हटलं, थोडा वेळ कोणी नाही, मग मी येईनच. तिनं फोटो माझ्याकडं परत सरकवले. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी फार चांगली वागायला लागली, आणि तेच मला बघवेना.

वहिनीनं तिची बॅग स्वतः भरली. स्वेटर घडी करताना ती मला म्हणाली, "ताई, लेक तुमची हाय. तुमी न्या. मी काई अडवत नाही." आणि स्वैपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. दादा म्हणाला, पोरं दोन महिन्यांत रुळतात, तू मन घट्ट कर. शेजारच्या काकूंनी घारीची आणि तिच्या पिलाची म्हण ऐकवली. पिलाचं चित्त कुठं असतं, ते त्या म्हणीत कोणी सांगितलेलं नाही. आणि रुळणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे, माय. मी रुळले आहे. रिकाम्या घराचं कुलूप उघडून, दिवा लावून, कोणी नसताना मोठ्यानं बोलणं, याला रुळणं म्हणतात. ते मी माझ्या मुलीला कशी शिकवू? निघायच्या आदल्या दिवशी मी तिची बॅग रिकामी केली. स्वेटर तेवढा बॅगेतच ठेवला. तिला म्हटलं, तुला वाटेल तेव्हा ये. ती म्हणाली, "बरं," आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, मोठी झाल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑटो दारात उभा होता. दादा बॅगा चढवत होता. मी चप्पल घालत होते, तेवढ्यात मुलीनं मांडणीवरची वाटी घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे, ओठ मात्र दाबलेले.

"मम्मी, मी काकूकडून विरजण घेऊन येतो."

वहिनी बोलायला लागली, "अवं, फ्रिजमदी दही..." मी तिचा हात दाबला. मुलगी माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, "जाय. हळू ये, सांडू नको." ती गेली. मी ऑटोत बसले. वळणावर काकूंच्या कुंपणामागं मला तिची वेणी दिसली, पण मी हाक मारली नाही. मी तोंड दुसरीकडं फिरवलं आणि पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडावर दाबली. रात्री वहिनीनं फोनवर सांगितलं, ती रिकामी वाटी घेऊन परत आली आणि एवढंच विचारलं, मम्मी रडली का? वहिनीनं नाही म्हणून सांगितलं. बरं झालं, म्हणाली आणि जेवायला बसली.

हे पत्र कुठं टाकणार? या प्लास्टिकवरच ठेवते. पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, मुलीलाही सांगितलेली नाही. शिंकाळ्यात दह्याचं गाडगं असायचं, माय. मला ते दर रविवारी दिसायचं. तू मला मारलंस त्या रविवारनंतर मी आत्याच्या घरून निघून विहाराच्या पायरीवर बसून राहायचे, तुझी बस गेल्याचा आवाज येईपर्यंत. मगच वाटी घेऊन घरी यायचे, आणि आजीला बरं वाटावं म्हणून बाजेखाली वाकून तुला शोधायचे.