बाकावरची पाचवी जागा

प्रिय सोमू,

परवा फोनवर तू म्हणालास की बाबा येणार असतील तर त्या आठवड्यात मी गावात थांबणारच नाही, आणि फोन ठेवलास. माझं पुढचं बोलणं तोंडातच राहिलं. फोन तुला ठेवता येतो, पत्र निदान उघडून तरी बघशील. मी थोरली आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचायचं, मधले परिच्छेद गाळायचे नाहीत.

आधी बातमी. व्हिसा आले. ऑगस्टमध्ये ठमीची सुट्टी संपायच्या आत चार रात्रींसाठी आम्ही तुझ्या बव्हेरियातल्या गावी येतोय; मी, मिथुन, ठमी आणि बाबा. म्युनिकची ती मोठी बिअरची जत्रा सप्टेंबरात, म्हणजे शाळा बुडणार. शिवाय तिथल्या हॉटेलचे एका रात्रीचे दिरहॅम ऐकून बाबांनी त्याचे रुपये मोठ्यानं सांगितले आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठले. तुमच्या गावची जत्रा लहान, आणि तिथली बिअर तुमच्याच कारखान्यातून येते असं मी वाचलं. बिअर गाळतात म्हणायचं का रे, की बनवतात? मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण हल्ली सारखं समजून घ्यावंसं वाटतं.

बाबांना मी सांगितलं होतं की तिकडे सुगीची जत्रा असते, पाळणे, बँड, भाजलेल्या कोंबड्या. बिअर हा शब्द काढलाच नाही. दारूनं काका कसे गेले ते त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलंय. इथे आखातात येऊन जबल अली बंदरावरच्या गोदामात उभा जन्म काढला, पण थेंबाला कधी शिवले नाहीत. म्हणून तर तू तिथे कामाला लागलास तेव्हा ते म्हणाले, दारूच्या भट्टीवर राबणारा माझा मुलगा नव्हे. आणि तू नुसतं 'बरं' म्हणून मोकळा झालास. दोघेही एकाच माळेचे मणी. आई गेली तेव्हासुद्धा दोघं एका घरात तेरा दिवस राहिलात आणि मीठ-पाणी माझ्यामार्फत मागितलंत.

तर मी असं जपून बोलत होते, आणि ठमीनं एक दिवस आजोबांना त्या जत्रेचा व्हिडिओच लावून दिला. एकेक बाई दोन्ही हातांत दहा-दहा काचेचे मग घेऊन चाललेली. मी म्हटलं, झालं, बोंबला. पण बाबा चिडले नाहीत. पुन्हा लाव म्हणाले. मग विचारलं काय, तर एका बाकावर माणसं किती बसतात. चार-पाच, मी म्हटलं. ओळख नसताना? हो, जागा आहे का विचारायचं आणि बसायचं. न पिणाऱ्याला बसू देतात का? घरचं खाणं चालतं का? बाहेर झाडांखालच्या बाकांवर चालतं, फक्त पेय त्यांचं घ्यायचं, असं मी कुठेसं वाचलं होतं. खरं आहे ना? कारण बाबांनी लगेच थालीपीठं आणि सुकट नक्की करून टाकली. सुकट नको, मी म्हटलं, शेजारचे जर्मन उठून जातील. तर म्हणाले, जाऊ देत, जागा होईल. मी हसले. म्हातारा खुशीत आहे, एवढंच मला वाटलं.

आमच्या सिलिकॉन ओएसिसच्या बिल्डिंगखाली बदरुद्दीनभाईंचं किराणा दुकान आहे. ते रत्नागिरीचे, त्यामुळे बाबांची संध्याकाळ तिथेच. त्यांच्या फ्रिजमध्ये बिनदारूची माल्टची पेयं असतात, इथे लहान पोरंही पितात. बाबा उन्हाळाभर त्यातलं डाळिंबाचं पितात. एकदा ती बाटली घेऊनच वर आले आणि मागची बारीक अक्षरं ठमीकडून वाचून घेतली. पाणी, जवाचं माल्ट, हॉप्स. माल्ट म्हणजे काय? मला सांगता येईना, म्हणून पुन्हा खाली गेले. बदरुद्दीनभाईंनाही सांगता येईना. शेवटी मिथुननं शोधून वाचलं: धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं, भरडायचं. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, अरे, हे तर नाचणीचं सत्त्व. सोमू, आई तुझ्यासाठी करायची आणि तू अंगणात वाळत घातलेली मोडाची नाचणी मुठीनं पळवायचास, तेच. मग बाटली हातात फिरवत मला म्हणाले, "इथवर आपलंच आहे. याच्या पुढे तो काय करतो?"

तो. नाव नाही घेतलं, पण इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मला इतका आनंद झाला की कुकरकडे लक्ष राहिलं नाही आणि डाळ करपली. तेव्हापासून रोज काहीतरी नवीन निघतं. पाणी कुठलं वापरतो, विहिरीचं का नळाचं? घाणा बिघडला तर सगळं ओतून देतो का? वाफेनं हात भाजत असतील का? बनवणारा स्वतः जत्रेत येऊन बसतो, की लोक पितात आणि तो आत राबतो? मी काय सांगणार, कपाळ? ठमी म्हणते, "आजोबा, जस्ट कॉल हिम." ते म्हणतात, इन्शाल्ला. आमच्या घरात त्याचा अर्थ नाही असा होतो, हे तिलाही ठाऊक आहे.

दारूबद्दलचं त्यांचं मत बदललं असं मात्र समजू नकोस. ते स्वतः तिथलं बिनदारूचंच पितील, आणि जावयाला दुसरा मग मागवू देणार नाहीत.

पत्राची कल्पना माझी नाही, हे आता सांगते. काल मिथुन तुमच्या जत्रेतलं टेबल ऑनलाइन राखून ठेवायला बसला होता आणि मी त्याला सांगत होते, चार जागा. बाबा सोफ्यावर डोळे मिटून पडले होते. तसेच म्हणाले, "पाच सांग. मी कडेला बसेन, माझ्या बाजूची धरून ठेवायची. त्याला लिहून कळव, फोनवर तो ऐकायचा नाही." मी मिथुनला पाच सांगितलं. तू काही बोलू नकोस, सोमू, माफी नको, खुलासा नको. तिथल्या रीतीप्रमाणे ये आणि इथे जागा आहे का एवढंच विचार. ते सरकतील. तर काल पाच जागांचं सांगून बाबा आंघोळीला गेले होते, पण दारातून परत आले, टॉवेल खांद्यावर तसाच. म्हणाले, "आणि त्याला लिही, कामाच्या कपड्यांत आला तरी चालेल."

तुझीच,
ताई