नाल्याकाठचा माका

आई, काल अंगणातल्या नळाखाली माका उगवलेला दिसला आणि मला शिसारी आली. माक्याची नाही, माझीच. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लढाईच्या दिवसांतली ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणूनच लिहायची हिंमत करून राहिले आहे.

माका ओल शोधतो. नळाची गळती, धानाच्या बांधावरचा चिखल, तलावाचा काठ, कुठंही येतो. पण तुला बाबांच्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या भिंतीलगतच्या नाल्याकाठचाच हवा. "तिथला कसा लुसलुशीत राह्यते बघ," म्हणायचीस. बारकी पांढरी फुलं, आणि पान चुरलं की रस बोटांवर काळा पडायचा. तो तू तिळाच्या तेलात कढवायचीस आणि क्वार्टरभर घाण वास सुटायचा. शी! माझ्या हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणी जवळच्या घमापूरच्या बाजारातलं चमेलीचं तेल लावायच्या, आणि माझ्या उशीला गटाराचा वास. "काहून नाक मुरडून राहिली? केस कमरेपर्यंत आले की सांगशील," तू म्हणायचीस.

त्या दुपारी मैत्रिणींसोबत शाळेतून येताना तू नाल्यात उभी दिसलीस. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय काळ्या चिखलात, काखेत माक्याची पोटली. काठावर चौकीदार. विमानांच्या भीतीनं खिडक्यांना काळे कागद, जो तो हेरांच्या गोष्टी करणारा, अशा दिवसांत भिंतीपाशी बाई काय करते? "पोटली में क्या है? किसकी घरवाली हो?" तो खेकसत होता. घाबरलीस की तुझं हिंदी पार आटायचं. तेवढ्यात तू मला पाहिलंस. "भैया, वो देखो, मेरी बेटी! उसको पूछो!" मैत्रिणी म्हणाल्या, "कौन है री?" मी म्हटलं, "पता नहीं," आणि चालत राहिले. थू माझ्यावर.

बाबांना डबल शिफ्टमधून बोलावून आणेपर्यंत तुला फाटकापाशी उन्हात बसवून ठेवलं. घरी आल्यावर तू बाबांना म्हणालीस, "पोरीला ऐकू नसेल आलं." मग हातपाय धुऊन माझ्या डोक्याला तेल लावायला बसलीस.

तुला खरंच तसं वाटलं, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. पण त्या दिवसानंतर मैत्रिणी सोबत असल्या, की तू मला रस्त्यात हाक मारायची नाहीस. पदर सावरून बाजूनं निघून जायचीस, कुणी दुसरीच बाई असल्यासारखी. आणि खरं सांगू, आई? मला ते बरं वाटायचं.