जेवणानंतर, तीन वेळा

बुधवार, श्रावण

फुलं विकणाऱ्या सुनंदाताई आज रूट कॅनालच्या दुसऱ्या सिटिंगला आल्या त्या पोट धरूनच. दाढ शांत आहे, सूजही उतरलीय, पण पोटात आग आणि काल रात्री उलटी. सुजेवरची गोळी सोमवारी मीच लिहून दिली होती, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. ‘जेवणानंतर’च्या खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

गोळ्या कशा घेतल्या, विचारलं.

“जेवल्याबिगर घ्यायची नाय म्हणल्या ना तुम्ही? श्रावणात मी एकदाच जेवते, दिवस मावळल्यावर. मग तिन्ही तवाच घेतल्या.”

यात त्यांचं काय चुकलं? सांगितलं तसंच तर केलं. अल्सर, किडनी, बीपी, सगळं विचारलं होतं मी. दिवसातून किती वेळा जेवता, एवढंच राहिलं. ती गोळी बंद केली, दुखलं तर साधी पॅरासिटामॉल घ्या म्हटलं आणि पोटासाठी लगेच फिजिशियनकडे पाठवलं.

राग येतोय तो त्या दोन रेघांचा. किती ठामपणे मारल्या होत्या. श्रावणी सोमवार होता, आणि रेघा मारताना माझंही पोट सकाळपासून रिकामंच होतं.