दाजी दुसऱ्या किल्ल्यापाशी राहिले

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. काल दोनशे चौदा पायऱ्या चढल्यापासून अंग एकदा खाली गेलं की वर येत नाही.) तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं का? शेजारच्या काकू डबा वेळेवर देतात ना? इकडे परमुलखात आम्ही दोघंही खुशाल आहोत. दाजी या क्षणी आंघोळ करताहेत, नळाचा आवाज मला स्वच्छ ऐकू येतोय, हे मुद्दाम आधीच लिहितो. पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेव. फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच "म्हणजे?" विचारतेस आणि मला खोटं सुचायला लागतं.

काल आमचा किल्ल्यांचा दिवस होता. एका दिवसात तीन किल्ले, आणि मधल्या वाटेवर कुरणं, मेंढ्या, लाल कौलांची खेडी. आमची सहलप्रमुख पिवळी छत्री उंच धरून पुढे चालते, म्हणून तिला सगळे छत्रीबाई म्हणतात. माणसं मोजायचं काम तिने पहिल्याच दिवशी माझ्याकडे दिलं. (दिलं म्हणजे मी मागून घेतलं. चौतीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेल्या माणसाला दुसरं काय येणार?) पहिल्या किल्ल्याच्या बुरुजावर मला फोटो काढून घ्यायचा होता. दाजी दर वीस पायऱ्यांवर थांबायचे, भिंतीवरून हात फिरवायचे आणि दगडाची जात काय असेल ते मला विचारायचे. वर पोचेपर्यंत ढग आले आणि फोटोत माझ्यामागे नुसती राखाडी चादर आली. झालं, माझं डोकं फिरलं. गाडीत दाजी पुढच्या बाकावर, खिडकीला डोकं टेकून. माझ्या शेजारी आमच्या गटातले दातांचे डॉक्टर. त्यांना मी म्हणालो (लिहायला हात जड झालाय, पण लिहितो), "गळ्यात धोंड बांधून फिरतोय हो मी. ताईने अडकवलीय." वर हेही सांगितलं, की चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवून त्यांचे कान गेलेत, तेव्हा हळू बोलायची गरज नाही.

दुसरा किल्ला टेकडीवर, पायथ्याशी ओढा. दाजी म्हणाले, "मी खालीच बसतो." मी म्हणालो, "बसा, आणि जागचे हलू नका." त्यांचा फोन हरवू नये म्हणून माझ्याच खिशात होता. (यावर तू जे म्हणशील ते मी स्वतःला म्हणून झालंय.) तासाभराने गाडी निघताना मी डोकी मोजली, बत्तीस बरोबर भरली, ऐटीत "चला" म्हणालो. तिसऱ्या किल्ल्याच्या दारात डॉक्टरांची बायको दाजींना संत्रं द्यायला वळली, तर बाकावर नुसती त्यांची टोपी. मी ड्रायव्हरला मोजलं होतं, ताई. (वर्गात ड्रायव्हर नसायचा.)

गाडी मागे फिरली. तिसरा किल्ला सगळ्यांत देखणा, माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचा, आणि तो माझ्यापायी तीस माणसांचा बुडला. डॉक्टरांच्या बायकोने ते संत्रं सोलून माझ्याच हातात दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पाऊण तास मी टोपी मांडीवर धरून तुला काय कळवायचं ते जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्य "दाजी" या शब्दापाशीच अडत होतं.

ओढ्यापाशी कोणी नाही. हाका मारल्या. ओ नाही. मग झाडांमागून ठक-ठक ऐकू आलं. तिथे एक जुनी पाणचक्की होती. आत चक्कीचा वरचा दगड उलटा टाकलेला, आणि दाजी छिन्नी-हातोडी घेऊन त्याला टाकी लावत, म्हणजे झिजलेल्या खाचा पुन्हा कोरत बसलेले, भुवयांपर्यंत पांढरे. चक्कीची मालकीण, दारात उभी राहिली तर उजेड अडावा अशी भरदार बाई, कंदील धरून जवळ उभी. ती तिच्या भाषेत विचारत होती, दाजी मराठीत सांगत होते, "इथे खोल घे, कडेला नको," आणि ती मान डोलवत होती. गिरणी बंद केल्यापासून त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

मी ओरडलो, "गाडी निघून गेली, कळलं नाही तुम्हाला?"

"दिसली की जाताना."

"मग हाक का नाही मारलीत?"

दाजींनी छिन्नी पुसून जागेवर ठेवली. "धोंड उतरली तर गाडी हलकी चालेल, म्हटलं." मग हात झटकत म्हणाले, "गिरणीच्या आवाजात ऐकू यायचं नाही, हे खरं. पण ती बंद होऊन सहा वर्षं झाली. चला, तुमची माणसं खोळंबलीत."

"तुमची" हा शब्द मला गाडीत बसल्यावर कळला. तेव्हापासून हेच चाललंय. तुम्ही चहा घेणार का, तुमचा टॉवेल वाळलाय. मी सात वर्षांचा असताना हा माणूस आपल्या घरात जावई म्हणून आला, सायकलची सीट धरून माझ्यामागे धावला, आणि मी मुख्याध्यापक झालो तेव्हाही मला चारचौघांत "ए धाकट्या" म्हणाला. तेव्हा लाज वाटायची. मी तुझ्या जागेवर आलो, ताई. तू असतीस तर तू बुरूज सोडून ओढ्यापाशी त्यांच्याजवळ बसली असतीस. मला ते सुचलंसुद्धा नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. पत्राचं खरं कारण हे, की तू त्यांना फोन कर आणि सहज बोलता बोलता सांग, की त्याला "तू" म्हणा. मी सांगितलंय असं म्हणू नकोस.

ता.क. दुसरा. मी खाली चहाला गेलो तेवढ्यात दाजींनी हे वाचलं. वर आलो तर डोळे वटारून उभे. "धाकट्या, तुला अक्कल आहे का? त्या बाईचं एवढं वर्णन तिला कशाला कळवलंस?" तेव्हा वरची विनंती रद्द समज, आणि चक्कीवालीबद्दल त्यांना छळू नकोस. माफी मात्र मी अजून मागितलेली नाही. "तू" म्हणाले, तेवढ्यावर भागवून न्यावं असं फार वाटतंय. ते बूट घालताहेत. दुसऱ्या बुटाची नाडी बांधून व्हायच्या आत उठतो आणि मागतो.